राऊळकाकांचा विरोध नोंदवून

आमच्या सोसायटीच्या कुठल्याही मीटिंगचं इतिवृत्त काढून बघा, प्रत्येक ठरावाखाली एक वाक्य असतंच: 'श्री. राऊळ यांचा विरोध नोंदवून ठराव मंजूर.' गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं, राऊळांचा विरोध. पुढे ढकलायचं ठरलं, तरी विरोध. एकदा सेक्रेटरी पाटकरांनी वैतागून 'श्री. राऊळ यांचा सत्कार' असाच विषय मीटिंगपुढे ठेवला. राऊळकाका उठले, पँट वर ओढली, म्हणाले, "माझा विरोध. लिवन घेवा." पाटकरांनी लिहून घेतलं. मग सत्कार झाला. काकांनी शाल-नारळ घेतला आणि जिन्यात मला सांगितलं की शालीचा रंगही चुकलाय.

दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर आहे. काका मूळचे कुडाळकडचे. नोकरी एका खाजगी कंपनीत, तिथेही युनियनमध्ये, म्हणजे विरोधाची सवय पगारी होती. रिटायर झाल्यावर ती ऑनररी झाली. लिफ्ट बसवायला त्यांचा कडाडून विरोध होता आणि आता लिफ्टने वर येता येता ते हा विरोध नव्या भाडेकरूंना समजावून सांगतात. मूलबाळ नाही. सुमनकाकू गेल्या त्याला काही वर्षं झाली. माझ्या सासूबाई म्हणतात की आधी हा माणूस दिवसभराचा सगळा विरोध घरातच संपवायचा, सुमन ऐकून घ्यायची आणि तिला हवं तेच करायची. आता तो सगळा सोसायटीच्या वाट्याला आलाय.

माझी मुलगी ओवी दुसरीत गेली त्या जूनमध्ये तिच्या बेंबीखाली एक लाल चट्टा उठला. रुपयाएवढा. आम्हाला वाटलं, घामोळं. पावसाळ्यात घामोळं कसं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, चट्टा गेला, मलम थांबवलं, चट्टा परत आला आणि येताना सोबत भावंडं घेऊन आला. गणपतीपर्यंत मनगट, मान, कोपराचा खळगा, सगळीकडे पुरळ. ओवी खाजवायची, मी हात धरायची, ती दुसऱ्या हाताने खाजवायची. तिच्या फ्रॉकांवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले.

पोराच्या अंगावर पुरळ उठलं की आपल्याकडे सगळी बिल्डिंग डॉक्टर होते. पहिल्या मजल्यावरच्या शहाबेनने मुलतानी माती पाठवली. पाटकरवहिनींनी कडुनिंबाचा पाला उकळून आणला, तोही कळशीभर. कुणी म्हणालं वांगं बंद करा, कुणी म्हणालं टोमॅटो, कुणी म्हणालं दूध. माझी नणंद कुठल्याशा देवस्थानातून एक धातूचं कडं घेऊन आली आणि ओवीच्या मनगटात घालून गेली. सासूबाईंनी दृष्टीसाठी गळ्यात साखळी घातली, तिला ताईत. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांनी निकाल दिला की हे उष्णतेचं आहे, ओवीचे मासे बंद.

आमच्यासारख्या मालवणी घरात मासे बंद म्हणजे काय, हे मी इथे लिहीत नाही. ओवीला कुरकुरीत बोंबील इतके आवडतात की ती वरणभातासोबत ते पापडासारखे मोडून खाते. पोरीसमोर आपण कसं खायचं, म्हणून सगळ्या घराचेच बंद झाले. माझा नवरा संदेश बुधवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये गुपचूप सुरमई खाऊन येतो आणि घरी मिशी धुतो, हे मला माहीत होतं. पण मी गप्प बसले. घरातला एक तरी माणूस सुखात असावा.

या प्रत्येक इलाजाला राऊळकाकांचा विरोध होता. सकाळी आमचा पेपर वाचायला ते येत (पेपरच्या किमतीला विरोध म्हणून त्यांनी स्वतःचा बंद केला होता) आणि दारातच सुरू होत. कडुनिंबाला विरोध, कारण जिथे कातडी आधीच सोललीय तिथे कडू पाला घासणं ही कुठली माया. मुलतानी मातीला विरोध, कारण ती वाळली की अंग ओढते. मासे बंद करण्याला तर इतका विरोध, की त्या दिवशी ते चहा न घेता गेले. सासूबाईंनी त्यांना दारातच ऐकवलं, "राऊळानू, पोर आमचा, तुमका काय त्रास?"

काका म्हणाले, "वहिनी, आजार एक नि इलाज सात. उद्या पोरीक बरा वाटला तर सातांतल्या कोणाच्या पायां पडतलात? नि बिघडला तर कोणाक गाळी घालतलात?"

सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला. आणि दार लावून घेतलं.

मला त्यांचं म्हणणं पटत होतं, पण राऊळकाकांचं पटलं असं उघड म्हणायची आमच्या बिल्डिंगमध्ये पद्धत नाही. शिवाय काही तरी करत राहिल्याने आईला जरा बरं वाटतं. पोरीला वाटत नाही, पण आईला वाटतं.

दिवाळीनंतर शाळेत गॅदरिंगची तयारी सुरू झाली. ओवीच्या वर्गाचा कोळीनाच होता, हात धरून गोल करायचा. ओवी घरी सोफ्यावर उभी राहून त्याच्या स्टेप्स करायची. एके दिवशी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि पाणी पिता पिता सांगितलं की तिचा रोल बदललाय. दोन-तीन आयांनी बाईंना विचारलं होतं की त्या मुलीचं ते लागण होणारं तर नाही ना.

"मला झाड केलंय," ओवी म्हणाली. "झाडाला कुणाचा हात धरायला लागत नाही ना."

ती रडली नाही. तिला ते फार वाईट वाटलंय असंही दाखवलं नाही. उलट झाडाच्या डोक्यावर पानं असतात, मुकुटासारखी, असं मलाच समजावत होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

काका तेव्हा आमच्या हॉलमध्ये पेपर घेऊन बसले होते. पेपरची घडी घातली, चप्पल घातली आणि गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने कशाला तरी विरोध न करता आमचं घर सोडलं होतं. सासूबाईंनाही ते टोचलं असावं. त्या दाराकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मालाडला त्वचेच्या डॉक्टर आहेत, कामत म्हणून, त्यांची अपॉइंटमेंट त्यांनी घेऊन टाकली होती. मला हाफ डे टाकायचा हुकूम झाला. रिक्षावाल्याच्या रस्त्याला विरोध करत करत आम्ही पोचलो.

डॉक्टर कामत माझ्यापेक्षाही लहान दिसत होत्या. पण त्यांनी ओवीला टेबलावर बसवून असं सावकाश बघितलं, जसं दुसरा पेशंट बाहेर नाहीच. पहिला डाग कुठे उठला, कधी उठला, काय काय लावलं, सगळं विचारलं. मी इलाज सांगत गेले आणि त्यांच्या भुवया वर जात राहिल्या. मग म्हणाल्या की सगळ्यात आधी हे सगळं बंद. एक साधं मॉइश्चरायझर, एक औषधाचं मलम त्या सांगतील तिथे आणि तितकेच दिवस, बाकी काही नाही. कातडी शांत झाल्याशिवाय ती काय सांगतेय ते कळणार नाही. त्यांना हे अन्नाचं कमी आणि अंगाला लागणाऱ्या कशाचं तरी जास्त वाटत होतं. मासे पोरगी आधी वर्षानुवर्षं खात आली होती, तेव्हा काही झालं नव्हतं, तर मासे बंद करायचं कारण नाही. आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, कारण सापडलं की शाळेसाठी तसं लिहूनही देईन, म्हणाल्या.

काका खुर्चीत एकेक शब्दागणिक फुलत होते. पण कुणाशी तरी शंभर टक्के सहमत होण्याची वेळ त्यांच्यावर आलेली, हे त्यांनाही झेपत नव्हतं. निघताना त्यांनी डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या टीव्हीच्या आवाजाला विरोध नोंदवला आणि मगच त्यांचा चेहरा जागेवर आला.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. माशांबद्दल मात्र त्यांना खात्री नव्हती. डॉक्टर शाकाहारी असतील, त्यांना काय कळतंय माशांच्या उष्णतेतलं, असं त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "कामत नि शाकाहारी? वहिनी, कामत म्हणजे माशांर आपल्यापेक्षा जास्ती हक्क सांगणारी माणसां." सासूबाईंनी माशांची बंदी उठवली. पण गंमत अशी की आता ओवीच खाईना. इतके महिने ऐकून ऐकून ती घाबरली होती. बरं वाटेपर्यंत नको, म्हणाली. मी आग्रह केला नाही.

मग काकांनी पहारा सुरू केला. दाराशी खुर्ची टाकून बसायचे. पाटकरवहिनी कळशी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडल्या की काका उभे. शहाबेनने जिन्याने येऊन बघितलं, तिथेही तेच. एका बाईने व्हॉट्सअ‍ॅपवर कोरफडीचा व्हिडिओ पाठवला तर काकांनी माझ्याकडून नंबर घेऊन तिला फोन करून विरोध कळवला. लोक चिडले. पण पोरीच्या अंगावर पहिल्यांदाच फक्त एकच इलाज चालू राहिला, आणि पुरळ निवळायला लागलं. निवळायचं, पण पूर्ण जायचं नाही. मनगट आणि पोटाचा तो पहिला चट्टा हटून बसले होते.

कड्याचा प्रश्न मी काढला होता. सासूबाईंनी बरोबर उत्तर दिलं होतं: पुरळ आधी उठलं, कडं नंतर आलं, मग कड्याचा काय दोष? काकांनाही यावर विरोध सुचला नाही.

कातडी पुरेशी शांत झाल्यावर डॉक्टरांनी पॅच टेस्ट करायचं ठरवलं. पाठीवर बारीक बारीक पट्ट्या चिकटवतात, प्रत्येकीखाली वेगळा पदार्थ, आणि कशाखालची कातडी लाल होते ते बघतात. दोन दिवस पट्ट्या ओल्या होता कामा नयेत. अंघोळ नाही, पळणं नाही, घाम नाही. सात वर्षांची पोर, मुंबईची हवा, आणि घाम नाही.

मी सुट्टी मागायच्या आधीच काका उशी घेऊन आले. दोन दिवस आमच्या बेडरूममध्ये एसीखाली ओवी आणि काका यांचं अधिवेशन भरलं होतं. ओवी ठराव मांडायची, काका विरोध करायचे. सगळ्या मुलांना रोज आइस्क्रीम. विरोध. मांजरांना शाळा. विरोध. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोकावले तर उलटं झालं होतं. काका ठराव मांडत होते आणि ओवी पलंगावर मांडी घालून म्हणत होती, "माझा विरोध. लिवन घेवा." पाठीला खाज सुटली की ती खांदे उडवायची, पण हात मागे नेत नव्हती. काकांनी तिला सांगितलं होतं म्हणे, की खाज ही सत्ताधारी पार्टी असते, आपण तिचं ऐकायचं नसतं.

पट्ट्या निघाल्या, आणखी दोन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा पाठ बघितली. एका चौकोनाखाली कातडी लालबुंद, खरखरीत. बाकी सगळी साफ. त्या म्हणाल्या, निकेल. स्वस्त चकचकीत धातूंत असतं. घामाने ते कातडीत उतरतं आणि ज्याला त्याचं वावडं, त्याचं अंग पेटतं. एक चीज अशी असणार, जी पहिला चट्टा उठला तिथे रोज लागत होती. ती शोधा.

त्या संध्याकाळी आम्ही घर उलटंपालटं केलं. काकांनी एक घमेलं आणलं आणि ओवीचं जे जे चकचकीत, ते त्यात टाकायला लागले. क्लिपा, कीचेन, खेळण्यातला मुकुट. जीन्सचं बटण बेंबीपाशी येतं म्हणून मला वाटलं तेच, पण जीन्स ती महिन्यातून एकदा घालणार. संदेशला कंपासपेटीचा संशय आला, पण कंपासपेटी कुणी पोटावर बांधत नाही. काका प्रत्येक संशयिताला विरोध करत होते आणि तरीही घमेल्यात टाकत होते.

सासूबाई या सगळ्यापासून लांब, ओवीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत बसल्या होत्या. बराच वेळ इस्त्रीचा आवाज आला नाही म्हणून मी वळून बघितलं. त्यांच्या हातात ओवीचा शाळेचा इलॅस्टिकचा पट्टा होता. पहिलीपर्यंत पिनाफोर होता, दुसरीपासून स्कर्ट आणि पट्टा आला. पट्ट्याला नागमोडी धातूचं बक्कल, आणि आमची ओवी स्कर्ट घसरतो म्हणून पट्टा आतून, कातडीवर बांधायची. मीच सकाळच्या घाईत ते कधी बघितलं नव्हतं, ती स्वतःचं स्वतः आवरायची याचं मला कौतुक होतं.

सासूबाईंनी ओवीला जवळ बोलावलं, टीशर्ट वर केला आणि बक्कल पोटावर धरलं. चट्ट्याच्या बरोब्बर वर. कडेला कड मिळाली.

सासूबाईंनी पट्टा घमेल्यात टाकला. मग ओवीचा हात आपल्या मांडीवर घेतला, मनगटातलं कडं हलकेच काढलं, गळ्यातली साखळी काढली, ताईत सोडवून देवघरात ठेवला आणि कडं आणि साखळीही घमेल्यात टाकली. म्हणाल्या, "बक्कलान लावलेली आग, नि आम्ही वर लाकडां घातलव."

काका त्यांच्याकडे बघत होते. विजयाची आरोळी ठोकायची ती वेळ होती. पण ते म्हणाले, "नाय वहिनी. शोधलात तुम्ही. आम्ही नुसते घमेला भरत होतो."

राहिली शाळा. युनिफॉर्ममध्ये बदल म्हणजे शाळा ऐकणार नाही, अशी काकांना खात्री होती, किंबहुना आशा होती. त्यांनी दोन दिवस भाषण तयार केलं. आरशासमोर म्हणून बघितलं, आम्हाला समोरच्या दारातून ऐकू येत होतं. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंसमोर ते उभे राहिले, पँट वर ओढली आणि घसा खाकरला. बाईंनी डॉक्टरांचं पत्र वाचलं, ओवीकडे बघितलं आणि म्हणाल्या की कापडी नाडीचा पट्टा शिवून घ्या, आणि बाकी कुणा मुलांना असा त्रास आहे का तेही आम्ही विचारतो. आणि लागण होत नाही हे वर्गाच्या बाईंना लगेच कळवते, ओवी नाचात परत उभी राहील.

काका तसेच उभे. एवढा मोठा विरोध आतल्या आत राहिलेला माणूस मी प्रथमच बघितला. बाईंनी त्यांना काही बोलायचंय का विचारलं. ते म्हणाले, तुमच्या ऑफिसातला पंखा वाजतो.

डिसेंबर संपता संपता गॅदरिंग झालं. ओवीच्या पोटावरचा चट्टा गेला होता, मनगटावर फक्त फिकट सावली राहिली होती. कोळीनाचात हिरवं लुगडं नेसून ती गोलात उभी होती, एका बाजूला एक मुलगी, दुसऱ्या बाजूला एक मुलगा, आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरलेले. गोल फिरला, वेग वाढला, एका टोकाला ते सगळे इतके ओढले गेले की आता पडतील असं वाटलं, पण कुणी हात सोडला नाही. संदेश व्हिडिओ काढायचं विसरला. सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या की ती हिरवी आमची, आणि निकेल म्हणजे काय तेही. मी मोठ्याने शिट्टी वाजवली. कॉलेजनंतर पहिल्यांदा.

त्या रविवारी आमच्या घरी मासे झाले. सासूबाई स्वतः बाजारात गेल्या. बोंबील, सुरमई, सोलकढी, सगळं. काकांना बोलावलं होतं, ते रव्याच्या जाडीला विरोध करत आत आले आणि पाटावर बसले.

ओवीच्या ताटात पहिला बोंबील पडला. तिने तो उचलला, बघितला, आणि स्वतः न खाता काकांच्या ताटात ठेवला.

"आता तुम्ही पण," ती म्हणाली.

सासूबाईंनी विचारलं, आता म्हणजे काय. ओवीने काकांकडे बघितलं, मग ठरवलं की आता सांगायला हरकत नाही. त्यांचं ठरलं होतं, ती म्हणाली. ती घाबरत होती ना, म्हणून. ती जोवर खाणार नाही, तोवर काकापण खाणार नाहीत. आणि हे घरी सांगायचं नव्हतं, कारण आजी रागावली असती.

काका खाली मान घालून भात कालवायला लागले. खोटं बोलते पोरगी, असं काही तरी पुटपुटले. पण सासूबाईंनी त्यांना विचारलंच, की एवढे दिवस नुसत्या वरणभातावर काढलेत, आणि तेही समोरच्या दारात राहून.

"त्यात काय," काका म्हणाले. "सुमन गेल्यापासून तसाही कमीच. एकट्यान माशे खावन करू काय? काटे मोजू?"

मग ते जेवायला लागले. ओवीला काटा लागू नये म्हणून सुरमईची तुकडी सोडवून देत होते, आणि ती त्यांच्या ताटात बोंबील ठेवत होती. गप्पा पाटकरांवर गेल्या, लिफ्टवर गेल्या, सुमनकाकू कालवणात कोकम किती घालायच्या यावर सासूबाई आणि काका बराच वेळ भांडले. ताटं रिकामी झाली. संदेश उठून हात धुऊन आला, मी भांडी आत नेली. काका पाटावर तसेच बसून होते, उजवा हात ताटावर, बोटांवरचा भात वाळून गेलेला. ओवी त्यांच्या मांडीला टेकून पेंगत होती.

सासूबाईंनी त्यांच्या वाटीत आणखी थोडी सोलकढी ओतली. हवी का, असं त्यांनी विचारलं नाही.